उभी राहते म्हणजे बरी आहे

मामंजी, तुमच्या नातसुनेचं रक्त आज सकाळी पुन्हा तपासायला घेतलंय आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ज्याच्या बाळंतपणात मी मरता मरता राहिले, त्याची ही बायको. तुम्ही गेलात तेव्हा तो ओसरीवर बसून शाळेचा अभ्यास करत होता, आता त्याच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत. सून परभणीतच कॉलेजात शिकवते, स्कूटर चालवते, आणि त्या स्कूटरवरूनच पडून तिनं पाय मोडून घेतला. महिन्याहून जास्त पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं, पोटरी जराशी सुजलेली राहिली, आणि परवा जिना चढता चढता ती मधल्याच पायरीवर बसली. म्हणाली, "आई, श्वास पुरत नाहीये." मी तिच्या ओठांकडे बघितलं. ओठांचा तसा रंग मी आधी कुणाचा पाहिला नव्हता. पण एकदा माझे ओठ तसे झाले होते हे आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की बघताक्षणी ओळखला.

दवाखान्यात मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या निघाल्या. पायात धरलेली गुठळी सुटून वर गेली होती. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढी, पण बोलायला स्वच्छ. तिनं मला नि तुमच्या नातवाला बाजूला घेतलं. मी म्हटलं, "बाई, ती तर हसून बोलतीय, ब्लडप्रेशरही चांगलं म्हणतात, मग एवढ्या तारा कशाला लावल्यात?" ती म्हणाली, "आजी, वरून त्या बऱ्या दिसतात, पण बऱ्या नाहीत." मग तिनं मला सगळं उलगडून सांगितलं. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं काहीतरी असतं. स्नायूला इजा झाली की ते रक्तात गळतं. ते वाढलेलं होतं. हृदयाचा कप्पा ताणला गेला की आणखी एक वाढतं, त्याला बीएनपी म्हणतात, तेही वाढलेलं होतं. तिसरं लॅक्टेट तेवढं ठीक होतं, म्हणजे अंगाला अजून रक्त पोचत होतं. "गुठळी आहे हे फोटोनं सांगितलं. तिनं हृदयाला किती जेरीस आणलंय ते रक्त सांगतंय. एकट्या रक्तावर आम्ही जात नाही, सोनोग्राफीत हृदयाची उजवी बाजूही फुगलेली दिसतेय. अशी माणसं बसल्या बसल्या अचानक खाली जातात. गुठळी विरघळवायचं जोराचं औषध आहे, पण त्यानं भलतीकडे रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते हाताशी ठेवलंय. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत. तोवर त्यांनी पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही."

वरून बऱ्या दिसतात पण बऱ्या नाहीत. मामंजी, हे वाक्य कानावर पडलं आणि पुढचं मला धड ऐकूच आलं नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांतला परभणीतला तो दवाखाना माझ्यापुढे उभा राहिला. लोखंडी खाटा, हिरव्या रंगानं अर्ध्यापर्यंत रंगवलेल्या भिंती, आणि दारात तुमची खाकर.

आता खाकर म्हणजे काय, हे आजच्या पोरींना सांगावं लागतं. घरात पाऊल टाकायच्या आधी तुम्ही उंबऱ्याबाहेर थांबून घसा खाकरायचात. तुम्हीच काय, आपल्या झरी गावातला प्रत्येक मोठा माणूस खाकरूनच आत यायचा. ती आम्हा बायकांना सूचना असायची, पदर सावरा, उठा, बाजूला व्हा. मला सून होऊन काही वर्षं झाली होती आणि तोवर माझं असं झालं होतं, की तुमची खाकर डोक्यात शिरायच्या आधी पायात शिरायची. हातात पीठ असो, मांडीवर पोर असो, मी उभी. तुम्ही कधी तसं करायला सांगितलं नव्हतं, नको असंही कधी म्हणाला नव्हतात. सासरे आले की सून उभी राहते, यात सांगण्यासारखं काही आहे असं आपल्या दोघांनाही वाटत नव्हतं.

माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, कारण माझी आई तोवर राहिली नव्हती. आत्याबाईंनी सगळं रीतीप्रमाणे केलं. मला बाजेवरून खाली उतरू दिलं नाही, बाजेखाली शेगडी, पाणी बेतानं, अंगावर दोन पासोड्या. माझा डावा पाय भरून आला तेव्हा "वारं धरलंय" म्हणून त्यांनी करडईचं तेल कोमट करून रोज सकाळ-संध्याकाळ तो चोळला, मनापासून चोळला. त्या चोळण्यानं गुठळी सुटली का ती आपोआप सुटली, कुणी सांगावं? मी त्यांना कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. एका सकाळी पोराला पाजताना माझ्या छातीत कळ आली आणि श्वास वरच्या वर राहायला लागला. तुम्ही कुणाची तरी जीप आणलीत आणि पुढे बसून सबंध रस्ता ड्रायव्हरला "हळू चल बाबा, हळू चल" म्हणत राहिलात. तुमचा मुलगा तेव्हा सोनपेठला नोकरीवर होता. नामांतराच्या बंदमुळं एसटी रस्त्यावर नव्हती, म्हणून त्याला निरोप पोचला तरी येता येत नव्हतं.

दवाखान्याच्या कंपाउंडवर एका बाजूला नामांतर झालेच पाहिजे, दुसऱ्या बाजूला होऊ देणार नाही, अशा दोन रंगांत घोषणा लिहिलेल्या होत्या. फाटकात पोलिसांची गाडी. तिथले डॉक्टर मध्यम वयाचे, चष्मेवाले, सदा घाईत. त्यांनी छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली आणि फुप्फुसात गुठळी असावी असं ओळखलं. ओळखलं हे त्यांचे उपकार, कारण त्या काळी दम्याचं औषध देऊन घरी पाठवणारेही काही कमी नव्हते. पण ती गुठळी मला कितपत भोवणार, हे त्यांना कशावरून कळावं? रक्त काढायचे, काचेच्या नळीत घ्यायचे आणि नळी तिरपी करत करत ते किती वेळात गोठतं ते बघायचे. इंजेक्शन किती द्यायचं ते त्यावरून ठरायचं. रक्ताकडून तेव्हा एवढंच कळत होतं. ते तुम्हाला म्हणाले होते, मी ऐकलं होतं, "औरंगाबादला न्यावं असं एक मन म्हणतं. पण रस्ते बंद आहेत, वाटेत गाडी अडकली तर संपलंच. फार जड नसेल तर इथंच बरी होईल. किती जड आहे ते बघून बघूनच ठरवावं लागेल."

आणि त्यांनी काय बघितलं, मामंजी? तुम्ही सकाळी झरीहून भाकरीचं गाठोडं आणि दूध घेऊन यायचात, सायकलवर, कुणाच्या बैलगाडीत, जसं जमेल तसं. डॉक्टर फेरीला निघाले की त्यांच्याबरोबर अदबीनं चालत वॉर्डात यायचात आणि दारात खाकरायचात. आत्याबाई कुजबुजायच्या, "ऊठ बाई, मामा आले." त्यांनी सांगायच्या आधीच माझे पाय फरशीवर असायचे. एका हातानं खाटेचा दांडा, दुसऱ्या हातानं पदर. डोळ्यांपुढे काळं यायचं, कानात गिरणी सुरू व्हायची, तरी मी उभी. खाली मान, म्हणून ओठ कुणाला दिसत नसत. डॉक्टर समाधानानं म्हणायचे, "छान. आपल्या पायावर उभ्या राहतात, मग काळजी नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बारसं तोंडावर आलेलं, वालूरहून आत्याबाईंच्या बहिणी यायच्या होत्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गोळ्या लिहून देतो, उद्या घरी न्या. बारसं घरीच करा." तुमच्या तोंडावर हसू आलेलं मी पदराआडून पाहिलं. मला बोलायचं होतं की मला बरं नाही. पण सासऱ्यासमोर आणि परक्या पुरुषासमोर तोंड उघडून "मला दम लागतोय" म्हणायची माझी छाती झाली नाही. छातीत तेवढा वाराच नव्हता, हेही खरं.

तुम्ही दोघं गेलात आणि मी आडवी पडले. निजले नाही, पडले. अर्धी खाटेवर, पाय खाली लोंबकळत, पदर फरशीवर. आत्याबाई पोराला बाजूला टाकून माझी पाठ चोळत होत्या आणि रडत रडत म्हणत होत्या, "अगं श्वास घे, श्वास घे गं माझे बाई." आणि तेवढ्यात तुम्ही परत आलात. खिडकीत तुमचं उपरणं राहिलं होतं. आत्ताच तर बाहेर पडलो होतो म्हणून खाकरला नाहीत. तुम्ही दारात उभे, मी उघड्या डोक्यानं तशी पडलेली. आपली नजरानजर झाली. आणि मामंजी, मी काय केलं? मी पुन्हा उठायला लागले. कोपरावर जोर दिला, गुडघा वळवला, तोंड माशासारखं नुसतं उघडमीट. तुमचा चेहरा असा झाला की तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. तुम्ही चटकन पाठ फिरवलीत आणि उपरणं न घेताच तरातरा निघून गेलात.

मला वाटलं, तुम्ही रागावलात. उघड्या डोक्यानं सासऱ्यासमोर पडलेली सून. आज हे वाचून कुणी हसेल. पण तेव्हा श्वास कोंडलेला असताना मला मरणाची भीती वाटायची ती वाटतच होती, आणि तिच्या जोडीला ही लाज. बाहेर तुमचा आवाज चढलेला ऐकू आला, शब्द कळले नाहीत. थोड्या वेळानं डॉक्टर आले, एकटे. "उठू नका," ते दारातूनच ओरडले. माझ्या मानेची शीर बघितली, नाडी धरली, मला नुसतं बसतं करून पुन्हा नाडी धरली, आणि चष्मा काढून पुसत राहिले. आत्याबाईंना म्हणाले, "घरी जायचं विसरा. आता ह्यांनी कूससुद्धा विचारून बदलायची." मग ऑक्सिजनचा काळा सिलिंडर गडगडत आला.

त्या दिवसापासून तुम्ही आत आला नाहीत, राहिलेलं उपरणंही कुणाकडून तरी मागवून घेतलंत. भाकरी यायची, दूध यायचं, बाळाचं टोपडं आलं, पण कधी नर्सच्या हाती, कधी झाडूवाल्या बाईच्या हाती. तुमची खाकर नाही की पाऊल नाही. मी आत्याबाईंना खुणेनं विचारलं, तर त्यांनी नजर चुकवून "कामं हायत त्यांना" एवढंच सांगितलं. मी मनाशी ठरवूनच टाकलं, की तुम्ही माझ्यावरचा जीव काढून घेतला. दोन-तीन दिवसांनी वालूरच्या मावशी बारशाऐवजी थेट दवाखान्यात आल्या आणि खाटेशी बसल्या बसल्या, मी झोपलेय असं समजून, बहिणीला म्हणाल्या, "सून मरायला टेकली आन् ह्यो माणूस भायेर लिंबाखाली तमाखू मळीत बसलाय. आत पाऊल ठिवंना. दगडाचं काळीज हाय तुज्या नवऱ्याचं."  आत्याबाईंनी ते खोडलं नाही म्हणून मला ते खरं वाटलं. पण एवढं कळलं, की तुम्ही झरीत नाही, बाहेरच आहात.

सगळ्यात वाईट ती दुपार. इतक्या वर्षांनीही मला ती आठवावी लागत नाही, ती आपणच येते. डॉक्टर खाटेशी बसून होते, म्हणजे काय ते समजा, कारण ते कधी कुठं बसायचे नाहीत. हाताला लावलेला पट्टा फुगवायचे, सोडायचे, पुन्हा फुगवायचे. हातपाय बर्फ. मी आत आत चालले होते, आणि सगळे आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखे येत होते. पोर रडत होतं तेही लांब कुठेतरी. आणि त्यात खिडकीबाहेरून एक विचित्र आवाज आला. कुणीतरी गुदमरतंय असा. खोकला येतोय आणि तो कुणीतरी घशातच दाबतंय, पुन्हा उसळतोय, पुन्हा दाबतंय. मला तो ओळखू आला. नक्की आला की नाही, एवढंच ठरत नव्हतं, आणि ठरत नव्हतं म्हणूनच माझे पाय खाटेवर राहिले. मी उठले नाही. संध्याकाळपर्यंत हाताला जराशी ऊब आली. डॉक्टर उठून उभे राहिले आणि पाठ ताणत म्हणाले, "बघू." पुढे दिवसागणिक थोडा थोडा श्वास खाली उतरायला लागला.

घरी जायच्या दिवशी मला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. तुम्ही जीप बघायला फाटकाकडे गेला होता. लिंबाखाली एक माणूस होता, डोक्याला मुंडासं, शेजारी पोरगा, त्याच्या डोक्याला पट्टी. तो पोरगा नामांतराच्या मोर्चात मार खाऊन आलेला. गावात असता तर तुम्ही त्या माणसाशेजारी बसला नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. नामांतराचं नाव काढलं की पारावर तुमची जीभ कशी चालायची तेही मी घरातून ऐकलेलं आहे. तो माणूस उठला आणि अंतर राखून मला म्हणाला, "बाई, नीट ऱ्हा. तुमचा सासरा लय येगळा माणूस हाय. रोज हितं बसायचा. आत कामून जात न्हाई म्हनून मी इचारलं, तर म्हनला, मी गेलो की ती उटायलीय, आन् उटली की मरायलीय. खाकरलो तरी उटंल. म्हनून खोकला आला की उपरण्याचा बोळा तोंडात कोंबायचा. डोळ्यातून पानी यायचं, पर आवाज करीत न्हवता."  तुम्ही फाटकातून येताना दिसलात आणि माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. तुम्ही लांबूनच ओरडलात, "बस! बस म्हनतो न्हवं!" सुनेवर आवाज चढवायची ती तुमची पहिली आणि शेवटची वेळ. सगळा दवाखाना बघायला लागला.

डॉक्टरांना तुम्ही त्या दिवशी काय सांगितलंत ते आत्याबाईंनी नंतर सांगितलं. "सायेब, तुमी बगतायसा ते खरं न्हाई. ती बरी हाय म्हनून उभी ऱ्हात न्हाई, मी आलो म्हनून उभी ऱ्हायलीय. मी सोबत असलो तर तुमाला तिचा आजार दिसायचाच न्हाई." आणि डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही येऊ नका." एवढंच. तुम्ही हो म्हणालात. मग वालूरच्या मावशींपासून सगळ्या भावकीनं तुम्हाला दगड म्हटलं तरी कुणाला कारण सांगितलं नाहीत. आत्याबाईंनाही तोंड बंद ठेवायला लावलंत, कारण मला कळलं असतं तर मी खिडकीकडे कान लावून बसले असते. जे घरच्यांना सांगता आलं नाही, ते त्या परक्या माणसाला सांगितलंत. त्याच्यापाशीच तुम्हाला ते का बोलता आलं, याचा मी अजून विचार करते.

घरी आल्यावर काही दिवसांनी तुम्ही सुताराकडून खुर्ची करून आणलीत. लिंबाच्या लाकडाची, बुटकी, एका पायानं किंचित लंगडी. स्वयंपाकघरात चुलीपासून जरा लांब ठेवलीत आणि भिंतीकडे बघत बोललात, "सूनबाई, हितून पुढं मी आलो तरी हिच्यावर बसून ऱ्हायाचं. उटायचं न्हाई. डागदरनं सांगितलंय." डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं. सासरा घोंगडीवर आणि सून खुर्चीवर, गावात किती दिवस चेष्टा चालली! "काय पाटलीणबाई, दरबार भरला का?" म्हणून बायका मला विचारायच्या. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. आणि मला काय ते जमलं? तुमची खाकर आली की मी अर्धी उठायची, आठवण व्हायची, पुन्हा बसायची. तुम्ही आत येऊन मी बसलेली बघायचात आणि न बोलता पाण्याचा तांब्या घ्यायचात. नामविस्तार झाला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, तोवर आपलं हे असंच चाललं. अर्धी उठायची, बसायची. 

हे सगळं आज का लिहायला घेतलं, ते सांगते. काल मी सुनेच्या खोलीत गेले. ती काही माझ्यासाठी उभी राहत नाही, आमच्या घरात ती पद्धत मीच मोडली. पण मी दारात दिसले की ती तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला करते, केस मागे घेते, उशीवर वर सरकते आणि हसते. "आई, मी एकदम बरी आहे, तुम्ही उगाच दगदग करू नका." गालावर खळीसुद्धा पाडते. मला बरं वाटावं म्हणून. काल संध्याकाळी नर्स मला हळूच म्हणाली, "आजी, राग मानू नका, तुम्ही आत आलात की यांची नाडी वाढते बघा." तिनं पडद्यावरचा हिरवा आकडा दाखवला. मी दारात गेले, आकडा चढला. मागे सरले, थोड्या वेळानं उतरला.  डॉक्टरीणबाईला तिच्या हसण्याची फिकीर नव्हती. तिनं ते रक्तातच वाचलं होतं. रक्त काही कुणासाठी डोक्यावर पदर घेत नाही. माझ्या वेळी ते वाचता आलं असतं, तर तुम्हाला दगड व्हावं लागलं नसतं, एवढंच वाटलं.

मी बाहेर येऊन बसले. काचेच्या दारापासून जरा बाजूला, तिला दिसणार नाही अशी. तुमच्या लिंबाखाली निदान वारा असेल, इथं नुसता फिनेलचा वास. मामंजी, बाहेर बसणं काय असतं ते मला काल कळलं. आत असलं की माणूस पाय दाबतो, पाणी पाजतो, निदान बघत तरी असतो. बाहेर फक्त दार. दार उघडलं की नर्सच्या तोंडाकडे बघायचं, बंद झालं की पुन्हा दार. तुम्ही किती दिवस बसलात! आणि आज सकाळी तिच्या दंडातून पुन्हा रक्त काढून नेलं. ट्रोपोनिन चढलं तर ते जोराचं औषध द्यायचा विचार करावा लागेल, उतरलं तर हृदय सावरायला लागलंय असं समजायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. मुलगा तिथं थांबला आणि त्यानं मला घरी पिटाळलं, तिच्यासाठी मऊ भात करून आणा म्हणून. कुकर कधीचा उतरलाय. फोन ओट्यावर ठेवलाय आणि तो वाजू नये असंही वाटतंय, वाजावा असंही वाटतंय.

वाजला. तुमच्या नातवाचा. त्याला आधी बोलताच येईना, आणि मी जी काही देवांची नावं घेतली ती तुम्हीही कधी ऐकली नसतील. मग म्हणाला, "आई, उतरलंय. ट्रोपोनिन उतरलंय. दुसरंही उतरतंय म्हणाल्या. अजून दोन दिवस उठू देणार नाहीत, पण उतरलंय." मी विचारलं, "ती हसतीय का?" तो म्हणाला, "नाही, झोपलीय." मला फार बरं वाटलं, मामंजी. ती झोपलीय आणि कुणाला दाखवायला हसत नाही, यानं मला रडू आलं. आता डबा भरायचा आहे. डबा मी नर्सच्या हाती देणार आणि बाहेर बसणार. आणि घशात खवखवलं तर पदराचा बोळा करीन, ते मला येतं.

हे पत्र कुठं टाकायचं असतं ते मला माहीत नाही, म्हणून इथंच ठेवते. फक्त एक कबूल करून टाकते. खुर्ची माझ्याजवळच होती, तीच, लंगडी. तरी "मामंजी" लिहिलं आणि मी उठून उभी राहिले. पहिली ओळ ओट्याशी उभ्यानंच लिहिली आहे. मग तुमचं ओरडणं आठवलं, आणि बसले.